आधीच खूण केलेले

जमीन जिवंत आहे की मेलेली, हे ठरवायला तिला ऑफिसने प्लॅस्टिकचे पेले दिले होते.

खाण कधीचीच बंद पडली होती. आता त्या जागेवर झाडं लावायची की वीजकेंद्राची राख ओतायची, एवढाच प्रश्न उरला होता. किडे सापडले तर झाडं, नाहीतर राख. खाणीच्या कडेचं पहिलं घर तिचंच होतं. घरात आई होती, आईला दमा होता आणि खिडक्या धुळीपायी कायमच्या बंद होत्या. आई घराबाहेर पडायची नाही. तिच्या छातीत आता राखेसाठी जागा उरलेली नव्हती.

तिला सगळे किडेवाली म्हणायचे. आधी चिडवायला, मग सवयीने.

कामाची रीत सोपी. पेले जमिनीच्या पातळीला पुरायचे. चालता चालता किडा आत पडतो आणि गुळगुळीत कडेवरून त्याला वर येता येत नाही. सकाळी त्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचं. पुढच्या खेपेला ठिपकेवाले किती आणि कोरे किती, यावरून एकूण किती जण तिथे नांदतायत याचा अंदाज येतो. त्यासाठी तिने पिवळीधमक बाटली आणली होती. असला रंग नखांना लावणारी बाई तिने पाहिली नव्हती आणि पाहायची हौसही नव्हती.

पेले रोज रिकामे निघत होते. एकात फक्त खोकल्याच्या गोळीचा कागद सापडला.

"तेवढी तरी नोंद कर," ऑफिसच्या गाडीचे ड्रायव्हरकाका म्हणाले. कागद त्यांचाच होता.

पेले उचलायच्या आदल्या दिवशी ती गुडघ्यांवर बसली आणि जमिनीला म्हणाली, "एखादा तरी दे गं बाई. लंगडासुद्धा चालेल."

दुसऱ्या दिवशी पेले खुडबुडत होते.

काळे, तुकतुकीत भुंगेरे. एकमेकांच्या अंगावरून चढत होते, घसरत होते. तिला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. तिने एकाला अलगद चिमटीत धरून उताणा केला, सुलटा केला.

पाठीवर ठिपका होता. खाणीतल्या मातीसारखा तांबडा.

दुसऱ्याच्याही. सगळ्यांच्याच.

तिने खिशातली बाटली पाहिली. बूच अजून उघडलंसुद्धा नव्हतं.

"आपल्याआधी कुणी मोजून गेलंय," ती म्हणाली.

"सरकारी माणूस असेल."

"काका, एकही कोरा नाही."

"मग सरकारी नाही." काकांनी विषय संपवला.

तिने कामावर पाठवणाऱ्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी ऑफिसात विचारून सांगितलं, त्या जागेवर याआधी कुणालाच पाठवलेलं नाही. "खूण कुणाची का असेना," त्या म्हणाल्या, "किडा चालतोय ना? मग जमीन जिवंत. फोटो पाठव. झाडं मंजूर झालीच समज."

तिने भुंगेरे सोडले. सुटलेला भुंगेरा जीव घेऊन पळतो. हे पळाले नाहीत. सुटकेनंतर काय करायचं असतं ते पाठ असल्यासारखे रांगेने उतरणीला लागले आणि खाणीच्या तोंडातून निवांत आत गेले. वारा पडला होता. तळातून ओल्या मातीचा वास येत होता, दमदार, खूप खालचा.

तिने सभेत बोलतात तसं खणखणीत सांगितलं, "मी आपली मनापासून आभारी आहे."

"कुणाची?" काकांनी मागून विचारलं. मग म्हणाले, "हलू नकोस. मानेवर काहीतरी आहे."

"किडा?"

"नाही."

त्यांनी रुमाल ओला करून घासलं. निघेना. मग ते स्वतः तिच्यापुढे वाकले आणि त्यांनी आपली कॉलर खाली ओढली.

त्यांच्या मानेवरही ठिपका होता. तांबडा, तेवढाच.

"कधीचा, काका?"

"स्वतःची मान कोण बघतं, बाळा?" त्यांनी कॉलर नीट केली. "पकडलं असेल कधीतरी. सोडलंय ना? मग झालं तर."

तिने आठवून पाहिलं. आपल्याला कुणी पकडल्याचं तिला आठवेना. पण झाडं मिळाली होती, आई वाचणार होती. या घडीला तिची कुणाबद्दलच तक्रार नव्हती.

दुपारी ती घरी पोचली.

दाराला आतून कडी होती. नेहमी ठोठावलं की आधी खोकला यायचा, मग आई. आज कुणीच आलं नाही. तिने मागच्या बाजूला जाऊन पाहिलं.

खिडकी उघडी होती. सताड.

ती आत चढली. आई कुशीवर गाढ झोपली होती. छाती संथ वरखाली होत होती. घरघर नाही, शिट्टी नाही. असं झोपलेलं तिने आईला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

आईच्या मानेवरचे केस घामाने चिकटले असतील म्हणून तिने ते हळूच बाजूला सारले.

तिच्या बोटाला तांबडं लागलं.

अजून ओलं होतं.