जावळाला मामा हवा

नवीन जालन्यात स्टेशनकडं जाताना डाव्या हाताला एक मेडिकल होतं. आता तिथं मोबाइल मिळतात, तरी जाता-येता माझी पावलं अजून तिथं रेंगाळतात. त्या दुकानात मी डायपर मागितले, तेव्हा दुकानदारानं माझ्या अर्धवट पिकलेल्या केसांकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "पेशंट चालतंय-फिरतंय का, ताई?"

"नुकतंच रांगायला लागलंय."

त्यानं 'अरेरे' असा चेहरा केला आणि पिशवी भरून दिली.

मी बँकेत ऑफिसर, तेव्हा वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही. आणि नुकतीच दत्तक घेतलेली यशश्री घरी, तिला सांभाळणाऱ्या दैवशालामावशीपाशी. एवढा इतिहास काउंटरवर कोण सांगणार? मी निघाले. कोपऱ्यावर पोचते तोच मागून मोटारसायकल आली.

"ओ मॅडम, थांबा! आमच्या दादांसाठी काढून ठेवलेलं सामान तुमच्याकडं गेलं!"

माझ्याच वयाचा एक माणूस, हसू मिशीत दाबून उभा. हातात दुकानदारानं त्याच्या माथी मारलेलं गुलाबी पाकीट, त्यावर गुबगुबीत बाळ.

"वडलांना हे बसायचं न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमच्याकडं कोण आजारी हे?"

"कोणी नाही. मी... आई झालेय."

त्यानं माझ्या केसांकडं पाहिलं नाही. सगळं जालना मला 'या वयात?' असं विचारत होतं. हा म्हणाला, "मंग पेढे कुठंयत?"

पेढे घ्यायला केशव घरी आला आणि मग येतच राहिला. मूळचा वाटूरचा, बियाण्याच्या कंपनीत नोकरी. पाच बहिणींची लग्नं त्यानंच लावली. स्वतःची वेळ आली तोवर मांडववाला रिटायर झाला होता.

यशू पलंगाखाली शिरली की तिला बाहेर काढायला आम्ही दोघं लागायचो. एकजण वाकायचा, दुसरा वाकलेल्याला उठवायचा. एकदा पेज भरवताना केशव माझ्याकडं बघतच राहिला.

"काय झालं?"

"केसाला पेज लागली... हितं, कानापाशी." त्यानं बोट लावलं आणि थांबला.

"पेज नाही ती. पिकलाय तो."

"हो का?" बोट तिथंच. "मंग... राहू द्या. चांगला दिसून राह्यला."

त्या दिवशी मी केस रंगवण्याची पुडी कचऱ्यात टाकली. पुढचं विचारायचं धाडस मात्र दोघांपैकी कुणी केलं नाही. विशीत नकार आला तर माणूस रडून मोकळं होतं. इथं यशू त्याच्या गाडीचा आवाज ओळखून दाराकडं रांगायला लागली होती. मी विचारलं असतं आणि तो यायचाच बंद झाला असता तर?

जावळ काढायला आम्ही शहागडला गेलो. गोदावरीचा काठ, थंडीचे दिवस, वारा. तिथल्या कडूबाभाऊ न्हाव्यांनी यशूचं डोकं भिजवलं, वस्तरा उघडला आणि विचारलं, "मामा कोण?"

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मला भाऊ नाही. मावशीनं मात्र सगळं ठरवून आणलं होतं.

"केशवराव, बसा तुम्हीच. एवढ्या भाच्यांची जावळं झाली तुमच्या मांडीवर. तुमच्यापेक्षा तयार मामा कुठं मिळायचा?"

तो एकदा मामा म्हणून बसला की संपलंच... राखीपौर्णिमेला मला ताट घेऊन उभं राहावं लागलं असतं.

केशवनं यशूला माझ्याकडून घेतलं. सतरंजीपर्यंत गेला आणि उभाच राहिला.

"मी मामा न्हाई होत, मावशी."

"अवो, नुसतं धरून तर बसायचं!"

"धरतो की. जन्मभर धरतो... पण मामा म्हणून न्हाई."

कडूबाभाऊ वैतागले. "मंग कोण म्हणून बसता, ते तरी सांगा जल्दी! लेकरू गारठून राह्यलं."

केशवनं माझ्याकडं पाहिलं. मिशीत या वेळी हसू नव्हतं. बँकेत मी कुणालाच लगेच हो म्हणत नाही.

"कडूबाभाऊ," मी म्हणाले, "वडलांच्या मांडीवर जावळ काढलेलं... चालतं का?"

कडूबाभाऊंनी क्षणभर विचार केला. "आजवर कुणी बसलं न्हाई बुवा. पण डोकं हललं न्हाई पायजे, बास."

यशूचं डोकं बिलकुल हललं नाही. थरथरत होते ते केशवचे हात; म्हणून मला शेजारी बसून ते धरावे लागले.