मुरलेला कापूस

ही हकिगत मी गादी-उशांच्या एका दुकानात, दुकानदाराच्या पत्नीच्या तोंडून ऐकली. हिवाळा सरत आला होता आणि शनिवारची दुपार होती. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या श्वसनविकारांवर मी पदव्युत्तर प्रबंध लिहीत होतो. विचारायचे प्रश्न ठरलेले होते: काम कधीपासून करता, तोंडाला फडके बांधता का, घरात कोणाला जुना खोकला आहे का. शेवटच्या प्रश्नापाशी ती थांबली आणि हातातले दाभण तिने उशीत टोचून ठेवले. तिचा नवरा मध्येमध्ये यंत्र बंद करून येई, एखादी दुरुस्ती सुचवी आणि परत जाई. दोघांच्या सांगण्यात मोठा फरक मला आढळला नाही.

दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक जाड पडदा. पिंजणयंत्र सुरू झाले की आतला उजेडसुद्धा पांढुरका होई. त्या धुरळ्याने मला सारखा खोकला येत होता. त्यांची चार वर्षांची मुलगी समोरच्या गठ्ठ्यावर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. घरात तिला भिंगरी म्हणतात. त्या दुपारी मात्र ती अगदी स्थिर बसली होती.

“होता की खोकला,” तिची आई म्हणाली. “हिलाच होता.”

सुरुवातीला कोणी मनावर घेतले नाही. हवा बदलली, पोरांना होतेच. पण सर्दी नाही, ताप नाही, आणि खोकला हटेना. दुपारी भिंगरी झोपली की तो सुरू होई. दोन आखूड, मग एक लांब ओढलेला, आणि शेवटी घसा साफ केल्यासारखे बारीकसे काहीतरी. तेवढे झाले की थोडी शांतता, मग पुन्हा तसेच, त्याच क्रमाने. जागेपणी काही नाही. दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक अर्धे डॉक्टर झाले होते. कोणी मध सांगे, कोणी वाफ. “पोरगी कापूसवाल्याची, लोखंडाची करून आणायला हवी होती,” असे नवरा म्हणे. पुढेपुढे त्याने ते म्हणणे सोडले.

दवाखान्याची पायरी चढली की खोकला गडप. बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, फोटो काढायला लावला. फोटो स्वच्छ आला. “घरी खोकेल तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा,” त्या म्हणाल्या. तसे तिने केले. डॉक्टरीणबाईंनी फोन कानाशी धरला, ऐकले, पुन्हा ऐकले.

“यात तुमच्या सासूबाईंचा आवाज आलाय. मुलीचा कुठाय?”

“सासूबाई नाहीत हो आमच्यात. मी आणि ही, दोघीच होतो खोलीत.”

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीकडे पाहिले. ती टेबलावरचे पेपरवेट फिरवत बसली होती.

“एवढ्याशा छातीत एवढा आवाज मावत नाही...” त्या म्हणाल्या, आणि मग जरा घाईने, “फोनमध्ये आवाज बदलतात कधीकधी. धूळ टाळा. तिला दुकानापासून लांब झोपवा.”

नवरा-बायकोने वरच्या मजल्यावरची एक खोली मागून घेतली, खिडक्यांना ओली फडकी लावली. भिंगरी आपली छोटी उशी बगलेत मारून वर गेली. त्या उशीशिवाय ती झोपतच नसे. खोकलाही तिच्यामागोमाग वर गेला. चारच दिवसांत त्यांनी बिऱ्हाड परत खाली आणले. मुलगी डोळ्यांदेखत वाळत चालली होती. फ्रॉक घालताना बरगड्या हाताला लागत.

अशाच एका दुपारी सूरवाले आजोबा आले. ते बिघडलेली वाद्ये सुरात लावून देत, म्हणून त्यांना हे नाव. पत्नी वारल्यावर तिची गादी त्यांनी याच दुकानातून पिंजून नव्याने भरून नेली होती. आता त्या गादीच्या खोळीचा एक टाका उसवला होता. भिंगरीची आई टाका घालू लागली आणि ते बाकावर बसले. यंत्र बंद होते. पडद्याआडून खोकला आला.

आजोबा उठून उभे राहिले.

“आत कोण आहे?”

“मुलगी आहे, आजोबा. झोपलीय. काही केल्या जात नाही बघा तिचा खोकला.”

“मुलगी...?” त्यांनी मान तिरकी केली, तार जुळवताना करत तशी. “थांबा. परत येईल. आता लांब येईल.”

लांब आला. आजोबांचा चेहरा, ती म्हणाली, आधी पांढरा पडला आणि मग चक्क उजळला. पडद्याकडे तोंड करून, घरात रोज बोलावे इतक्या सहज ते म्हणाले,

“पाणी घे गं.”

आणि आतून आले, “हं...”

ती धावत आत गेली. भिंगरी गाढ झोपलेली होती. तोंड मिटलेले, ओठ लाळेने चिकटलेले. ते उघडलेच नसावेत असे तिला वाटले. खोलीत जुन्या मलमाचा, बंद कपाटाचा असा काहीसा वास होता. तो वास पूर्वी कधीच नव्हता, आणि तो उशीतून येत होता.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्यापुढे उशी ठेवली.

“अहो, हिच्यात काय भरलंत?”

“कापूस. अजून काय भरणार?”

“कुणाचा?”

या धंद्यात एक गोष्ट कसोशीने पाळतात. गिऱ्हाइकाच्या गादीतला कापूस पिंजून झाला की त्याच्याच खोळीत परत जातो. दुसऱ्याचा त्यात मिसळत नाहीत आणि त्यातला काढून घेत नाहीत. नवऱ्यानेही हे आयुष्यभर पाळले होते. फक्त एकदा, मुलीच्या उशीसाठी, त्याने आजोबांच्या गादीतला मूठभर घेतला होता.

“तेवढाच नवा घातला ना मी त्यांच्या गादीत! चोरी नाही केली,” तो म्हणाला. “नुसता नवा कापूस टोचतो गं मानेला. हा मुरलेला होता. सायीसारखा. निम्मा हा, निम्मा नवा, असा भरला.”

माझ्यासमोर हे सांगितले जात असताना त्याने यंत्राआडून एवढेच म्हटले, “साय होती हो नुसती. कोणत्याही बापाने घेतला असता.”

उशी तेव्हाच फाडायला हवी होती, असे तिला आज वाटते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा दारात उभे होते. इस्त्रीचा सदरा, ताजी दाढी.

“टाका उसवला का परत?” तिने विचारले.

“नाही. जरा बसू का...? त्रास नाही देणार.”

ते बसले. खोकला आला. ते “पाणी घे” म्हणाले, “हं” आले. जाताना त्यांनी हात जोडले. ते रोज येऊ लागले. तिला रडू येई आणि भीतीही वाटे, आणि दोन्ही एकाच वेळी वाटे. शेवटी उशीतल्या कापसाचे तिने त्यांना सांगितले.

“उद्या काढा ना,” ते म्हणाले. “आजचा दिवस असू द्या.”

असे “उद्या” तिने किती ऐकून घेतले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मग एके दिवशी, भर सकाळी, भिंगरी जागी असताना, चेंडू खेळताना, आईने तिला हाक मारून म्हटले, “पाणी पी, चल.” भिंगरीने मान वर न करता उत्तर दिले, “हं...” आवाज तिचा नव्हता.

त्या दुपारी आजोबा आले तेव्हा उशी उसवून बाकावर ठेवलेली होती. भिंगरी आत रडत होती.

“घेऊन जा, आजोबा. तुमचा आहे तो.”

“थांब,” नवरा म्हणाला. “त्यांचा तेवढा काढून देऊ. नवा आपला, तिच्या...”

“कसा काढणार? दोन्ही एकत्र पिंजलेत ना तुम्ही?”

एकदा पिंजलेला कापूस कोणी वेगळा करू शकत नाही. त्यालाही ते माहीत होते. शिवाय इतके महिने भिंगरीचा श्वास, घाम, लाळ सगळे त्यातच जिरले होते. हे त्या क्षणी दोघांपैकी कोणाच्या मनात आले नाही. आजोबांनी सगळा कापूस खोळीसकट घेतला. तान्हे मूल घ्यावे तसा, मानेखाली हात देऊन.

खोकला त्याच दिवशी थांबला. भिंगरी जेवू लागली, अंगाने भरली. आई पहिल्यांदा दुपारची झोपली.

पुढे एकदा भिंगरी सफरचंद खात होती. आई पाठमोरी टाके घालत होती. मागे काहीच आवाज नव्हता, म्हणून तिने वळून पाहिले. मुलगी निळी पडली होती. डोळे बाहेर, हात गळ्याशी, तोंड उघडे, आणि आवाज नाही. नवऱ्याने तिला पालथी धरून पाठीत थापा मारल्या तेव्हा तुकडा पडला.

“ठसका नाही लागला, भाऊ,” ती मला म्हणाली. “कोणालाही लागतो. हिला लागलाच नाही.”

तेव्हापासून तिला खोकला येत नाही. धुराने नाही, धुळीने नाही, पाणी चुकीच्या मार्गाने गेले तरी नाही. डॉक्टरीणबाईंनी घशात पट्टी घालून पाहिली; डोळ्यांतून पाणी आले, बाकी काही नाही. आता आई तिचा प्रत्येक घास कुस्करून देते आणि समोर बसून राहते. शाळेत घालायचे त्यांनी पुढे ढकलले आहे, कारण तिथे डब्याच्या वेळी कोण बसणार?

“आधी ऐकू यायचा म्हणून जीव खालीवर व्हायचा,” ती म्हणाली. “आता ऐकू येत नाही म्हणून होतो. तुम्ही एवढं शिकताय... शिकवता येतो का हो खोकला?”

तेवढ्यात मीच खोकलो. भिंगरी गठ्ठ्यावरून उतरून माझ्याजवळ आली, माझ्या गळ्यावर तिने बोट ठेवले आणि म्हणाली,

“दादा, परत करा ना. मी बघते कसं करायचं.”

एवढे ऐकून मी उठलो. नंतर जे पडताळता आले ते पडताळले. ती ध्वनिफीत मी स्वतः ऐकली. तीत प्रौढ स्त्रीचा खोकला आहे. आई-वडिलांच्या परवानगीने डॉक्टरीणबाईंना भेटलो. घशाची तपासणी त्यांनी मान्य केली. कारण विचारले तेव्हा त्या “आढळले नाही” असे म्हणाल्या आणि उठून त्यांनी खिडकी लावली.

एका भागाची मात्र मला कधीच खातरजमा करता आली नाही. सफरचंदाच्या प्रसंगानंतर भिंगरीची आई कापूस परत मागायला आजोबांच्या घरी गेली होती. खोलीला कुलूप होते. घरमालक म्हणाला की उशी आणली त्याच आठवड्यात आजोबा मुलाकडे राहायला गेले. हे त्याने मलाही सांगितले, आणि पत्ता त्याच्यापाशी नव्हता. पण खालच्या मजल्यावरची भाडेकरीण, तिला आजोबांच्या घरची समजून, जिन्यात अडवून भांडली होती. मी गेलो तोवर ती बाई जागा सोडून गेली होती. त्यामुळे तिचे बोलणे मी भिंगरीच्या आईने सांगितले तसेच देतो.

“कुलूप कसलं दाखवताय? सांगा त्या म्हाताऱ्याला, दुपारची झोप नाही आम्हाला. आधी ती बाई खोकते. मग तिच्यामागून ते लहान पोर खोकतं. मग हा म्हणतो, ‘दोघींनी पाणी घ्या.’ आणि दोनदा ‘हं’ येतं... दुसरं जरा उशिरा. बारीक आवाजात.”