सुरंगीत मुरलेले तीळ

तुळसा दुकानात शिरली ती ऊन टाळायला, आणि तिची नजर गेली थेट कपाटातल्या निळ्या बाटलीवर. खाडीपलीकडच्या गोव्यातून कुणी लपूनछपून आणलेलं फिरंगी सेंट! तिनं किंमत विचारली, ऐकली, आणि हळूच पदर सावरून परत फिरली.

"ह्या सेंट तुका कित्याक होया पण?" दुकानदार गुरुदासनं हसत विचारलं.

सांगायचं काही कारण नव्हतं, पण तिनं सांगून टाकलं. तिला बघायला मुंबईचं स्थळ येणार होतं, आणि तिच्या काशीआत्येनं बजावलं होतं की मुंबईकराला खोबरेलाचा वास चालायचा नाही. सांगताना तिनं असं काही वर पाहिलं की गुरुदासनं कपाटात मांडायला घेतलेली बांगडी हातातच राहिली.

"सुरंगीची फुलां घेवन ये," तो म्हणाला. "तिळात मुरवया. तेल काढला काय ही बाटली झक मारीत."

युक्ती जुनी आणि स्वस्त. सुपात तिळांचा थर, वर फुलांचा थर. रोज शिळी फुलं काढायची, ताजी घालायची. तीळ सगळा वास पिऊन घेतात, मग ते घाण्याला घालून तेल काढायचं. म्हणजे फुलं रोज हवीत, आणि तुळसाही रोज हवी. गुरुदास काही वेडा नव्हता.

रोज सकाळी ती परडी घेऊन यायची. दोघं सुपाशी बसून फुलं पसरायची. कधी बोटाला बोट लागायचं... मग दोघंही तिळांकडे टक लावून बघत बसायची, जणू कधी तीळच पाहिले नव्हते.

तीळ तसे लवकरच मुरले. गिऱ्हाइकं पायरीवरूनच विचारू लागली, हा कसला घमघमाट? पण गुरुदासनं चिमूटभर तीळ चुरडून तिच्या नाकाशी धरले आणि म्हणाला, "अजून कच्चे आसत..."

धडधडीत खोटं! पण करतो काय? तेल झालं की ती ते लावून दुसऱ्यापुढे बसणार, या विचारानं त्याचा जीव तीळ तीळ तुटायचा.

तिनं हुंगलं, डोळे मिटले. "होय," म्हणाली, "कच्चेच आसत."

शेवटी सुरंगीचा बहर सरला आणि तुळसा रिकामी परडी घेऊन आली. सोमवारी मुंबईकर यायचा होता. आता सबब उरली नाही. गुरुदासनं घाण्यावरून तिळांचं तेल काढून आणलं आणि दुसऱ्या दिवशी कुपी तिच्यापुढे ठेवली.

"तीळ कधीचेच मुरले होते," तो खाली मान घालून म्हणाला. "मी तुका फसवलंय."

"माका म्हायत होता."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तुमी तरी खंय बोललात?"

तिनं कापसाचा फाया तेलात बुडवला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या कानात ठेवला. "आयतवारी आमच्या घराक येवा," ती म्हणाली. "मुंबयकाराच्या आदी."

तुळसाचे वडील हरिश्चंद्र तांडेल. उभा जन्म गलबतावर गेलेला, वाऱ्याच्या वासावरून पाऊस सांगणारा माणूस. रविवारी गुरुदास तोच फाया कानात ठेवून त्यांच्या ओटीवर बसला खरा, पण बोलला ते फक्त वाऱ्यापावसाचं. दाराआड तुळसा, तिच्यामागे काशीआत्या. तांडेल पुढे वाकले, त्यांनी हवा हुंगली आणि त्याच्या कानातल्या फायाकडे पाहिलं.

"काशी," त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "मुंबयवाल्यांका नको म्हणान कळय."

मग गुरुदासकडे वळून शांतपणे म्हणाले, "तुळसाच्या हातांका लागान ह्यो वास म्हयनोभर आमच्या घरात वावारता. त्याचो माणूस कधी येता, हेचीच वाट बघी होतंय."