मिठावरच्या जिभा

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर शेवट तरी जरा बरा केला असता.

तारीख सांगतो. गेल्या वर्षीचा चौदा जून. जागा, खोरिहास गावाच्या पश्चिमेला हुआब नदीच्या कोरड्या पात्रावर असलेला शिकारी तळ. वेळ दुपारची, बाराच्या आसपासची.

हो, दुपारची. जे झालं ते लख्ख उन्हात झालं. रात्री झालं असतं तर स्वप्न म्हणून सोडून दिलं असतं.

मी टिटस. एकोणीस वर्षं त्या तळावर जनावरांची कातडी सोलतो. पण सोलायच्या आधी आणखी एक काम असतं, ते पाहुण्यांच्या घरच्यांना माहीत नसतं.

फोटोचं काम.

पाहुणा गोळी घालतो. मग आम्ही धावतो. रक्त पुसायचं. पोटाखालच्या डागावर वाळू टाकायची. हनुवटीखाली दगड लावायचा, म्हणजे डोकं ताठ राहतं. डोळ्यांत पाणी घालायचं, चमक यायला. आणि बाहेर लोंबणारी जीभ बोटांनी आत ढकलायची.

मग पाहुणा मागे बसतो, टोपी सरळ करतो आणि हसतो.

किती जिभा आत ढकलल्या असतील मी... मोजल्या नाहीत. बिबट्याची जीभ मात्र बोटांना कळते. कानशीसारखी खरखरीत असते.

हे लक्षात ठेवा.

*

अकरा जून. पाहुण्याची शेवटची संध्याकाळ. कुठल्याशा थंड देशातला फरश्यांचा कारखानदार होता, बोलायला गोड माणूस. नऊ दिवस बिबट्या मिळाला नव्हता.

आमच्याकडे बिबट्याचा नरच मारायचा, असा कायदा आहे. मादी नाही. म्हणून झाडाला आमिष टांगायचं, समोर आडोशात बसायचं, आणि नर आहे याची खात्री झाल्यावरच गोळी.

त्या दिवशी उजेड उतरत होता. आमचा शिकारी डीटमार, तळाचा मालक, पाहुण्याच्या कानात म्हणाला, "मार."

आम्ही झाडाखाली पोचलो. माग काढणारे ऊम गॉटलिब सगळ्यांत वयस्कर; ऊम म्हणजे काका. ते खाली वाकले आणि तसेच राहिले.

"सकाळीच म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "पाऊल लांबट आहे. बाई आहे."

"तू सगळं सकाळीच म्हणतोस, गॉटलिब," डीटमार म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता.

पाहुणा आडोशातूनच ओरडला, "केवढा आहे?"

"मोठा आहे!" डीटमार ओरडला. "अभिनंदन!"

फोटो झाला. मी जीभ आत ढकलली.

पाहुण्याला आजही माहीत नाही.

*

सोलायच्या छपरीत आणून मी तिला उताणी केली. पुढचा डावा पंजा बघितला. एक बोट नव्हतं, जुनी जखम होती, भरलेली. तीनच बोटं.

मग पोटावर सुरी टेकवली.

आणि माझ्या मनगटावरून दूध वाहिलं.

कोमट.

बादलीत टपटप आवाज येत राहिला. दुधाचा आणि रक्ताचा मिळून एक वास येतो... सांगत नाही. जेवायच्या आधी वाचत असाल.

"पिल्लं असणार," ऊम गॉटलिब म्हणाले. "काळ्या खडकांत असतील. दोन महिन्यांची, फार तर. उद्या सकाळी जाऊन उचलून आणू."

"कुठली पिल्लं?" डीटमार म्हणाला.

"अरे, दूध दिसत नाही का तुला?"

"मला नर बिबट्या दिसतोय. ऐक टिटस. मादी मारली हे कळलं, की आपल्या भागाचे परवाने बंद. परवाने बंद, की गावाची समिती बुडाली, राखणदारांचे पगार बुडाले. मग तुझे शेजारी बिबट्यांचं काय करतील? तूच सांग."

मला माहीत होतं. विष घालतील. पूर्वी घालायचेच. माझ्या बापानेच एकदा मेलेल्या बकरीत विष भरून ठेवलं होतं. तीन बिबटे मेले, चाळीसेक गिधाडं मेली आणि आमचा कुत्रा मेला. शिकारीची समिती झाली तेव्हापासून विष बंद झालं, कारण जिवंत बिबट्यात सगळ्यांचा वाटा आला.

डीटमार खोटं बोलत नव्हता. घाण आहे ती हीच. खोटं बोलला असता तर सुरी टाकून मी घरी गेलो असतो.

"पिल्लं सापडली तर पुरावा सापडला," तो म्हणाला. "सरकारी अधिकारी कातड्यावर शिक्का मारून जाईपर्यंत खडकाकडे कुणी फिरकायचं नाही."

ऊम गॉटलिबनी आपली टोपी उचलली. मग घरी गेले. पुन्हा कामावर आलेच नाहीत.

आणि मी...

कातड्यावर नराची खूण असावी लागते. अधिकारी हाताने चाचपून बघतो. छपरीत एका जुन्या नराचं, केस झडून वाया गेलेलं कातडं टांगलेलं होतं. त्याच्या वृषणांच्या दोन सुकलेल्या गोळ्या मी कापल्या. कोमट पाण्यात भिजवल्या. मऊ झाल्यावर तिच्या मागच्या पायांमध्ये आतून बारीक टाक्यांनी शिवल्या. भरलेले सड कापले, ती भोकंही शिवली.

एकोणीस वर्षांतलं माझं सगळ्यांत सुबक काम.

*

नोंदवही. १२ जून.
राखणदार: सलोमी गावासेस.
बिबट, नर, एक. परवान्यावर मारला.

*

सलोमी माझी मेहुणी. समितीची राखणदार. रोज पंधरा किलोमीटर चालते, दिसेल तो ठसा काडेपेटीने मोजते आणि वहीत लिहिते. सरकार त्या वह्यांवरून ठरवतं, आमच्याकडे किती जनावरं आहेत आणि किती मारायची.

त्या दिवशी ती छपरीच्या दारातूनच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या आधी तुमचा वास येतो. ताई नांदते कशी हो तुमच्याजवळ?"

"नाक बंद करून. काय काम आहे?"

"कालच्या बिबट्याची नोंद करायचीय. नर ना?"

"नर."

तिने लिहिलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

*

कातडं मिठात घातलं की पहिल्या दिवशी पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी मीठ बदलायचं. तिसऱ्या दिवशी ते खडखडीत होतं.

तिसरा दिवस. चौदा जून. बारा वाजलेले.

मिठाच्या खोलीचं कुलूप काढलं. आत दुधाचा वास.

पोटाकडचं मीठ ओलं होतं...

आणि त्यात खाचा होत्या. बोटभर रुंदीच्या, शेजारी शेजारी. दोन जागी. मी शिवलेल्या भोकांवरच.

कुणीतरी चाटलं होतं.

उंदीर असेल म्हणून जमिनीवर मीठ पसरलं. खिडकीला जाळी होतीच. कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली.

पंधरा जून. बारा वाजलेले. जमिनीवरच्या मिठात एकही पाऊल नाही.

पोटावर खाचा. आणखी खोल.

सोळा तारखेला मी दाराला कान लावून उभा राहिलो. बाहेर कोंबड्या होत्या, स्वयंपाक्याचा रेडिओ होता, सगळं नेहमीचं. आतून मात्र...

खर्र.

खर्र.

खर्र.

मी तो आवाज ओळखतो. सांगितलं ना, ती खरखर बोटांना कळते.

दार उघडलं. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. मीठ ओलं होतं, आणि कोमट.

खडकाकडे जायला त्या दिवशीही उशीर झाला नव्हता कदाचित. मी गेलो नाही. अधिकारी बावीस तारखेला येणार होता.

*

बावीस जून. अधिकाऱ्याने कातडं उलटं केलं, खालून चाचपलं आणि डोळा मिचकावला.

"गडी दमदार होता हो!"

डीटमार मोठ्याने हसला. मीही हसलो. शिक्का बसला.

तो गेल्याबरोबर मी काळ्या खडकांकडे धावत गेलो. बरोबर बाटलीत शेळीचं दूध घेतलं होतं. विचार करा, अकरा दिवसांनी दूध घेऊन गेलो मी.

कपारीत दोघं होती. एकमेकांच्या अंगावर. चपटी झालेली, मुंग्यांनी पोखरलेली. मरून बरेच दिवस झाले होते. दोघांच्याही जिभा बाहेर होत्या.

सवयीने माझा हात पुढे गेला... आत ढकलायला.

हात मागे घेतला. मग कपारीवर दगड रचले आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी, बारा वाजता, मिठावर नव्या खाचा होत्या.

*

जुलैत कातडं जहाजाने गेलं. खोली धुतली. मला वाटलं, संपलं.

तीन आठवडे बरे गेले. मग एका दुपारी पॅप, म्हणजे मक्याची घट्ट लापशी, आणि मटण खाऊन छपरीच्या सावलीत आडवा झालो, डोळा लागला. जाग आली ती तळहात चुरचुरल्याने.

दोन्ही तळहात ओले. कातडी लाल, खरवडलेली. बोटांच्या भेगांत एकोणीस वर्षांचं मीठ असतं, कितीही धुतलं तरी जात नाही.

ते गेलेलं होतं.

स्वच्छ.

*

आता या वर्षीचा एप्रिल. समितीची वार्षिक सभा, शाळेच्या खोलीत. चहा झाला. डीटमार सलोमीच्या नोंदवह्या घेऊन उभा राहिला.

"लोकहो, आनंदाची बातमी! आपल्याकडे बिबट्यांची वीण चालू आहे. वाचतो. २९ जून, मादी एक, पिल्लं दोन. १६ जुलै, मादी एक, पिल्लं दोन. ऑगस्ट, सप्टेंबर... पार मार्चपर्यंत! दहा महिन्यांत एकवीस नोंदी. म्हणून यंदा बिबट्याचे परवाने एकाऐवजी दोन!"

टाळ्या वाजल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, मारल्याने वाढतात!" सगळे हसले.

मी सलोमीकडून वही मागून घेतली. प्रत्येक नोंद वाचली.

मादी. पुढच्या डाव्या पंजाला तीन बोटं.

पिल्लांचा ठसा, अर्धी काडेपेटी.

जूनमध्ये अर्धी काडेपेटी. मार्चमध्येही अर्धी काडेपेटी.

"सलोमी, ही पिल्लं वाढत का नाहीत गं?"

"म्हणजे?"

"दहा महिन्यांत बिबट्याचं पिल्लू आईएवढं व्हायला येतं. तू जुनंच उतरवतेस का बसल्या जागी?"

तिचं डोकं तापलं. "मी खोटं लिहिते? मी? उद्या चला माझ्याबरोबर. उन्हात चालून पाय सुजले की कळेल खोटं काय ते."

*

दुसऱ्या दिवशी गेलो. नदीच्या पात्रात तिने बोट दाखवलं.

ताजे ठसे. कडासुद्धा ढासळलेल्या नव्हत्या. तीन बोटांचा डावा पंजा, आणि त्याच्या मागे चार चार छोट्या बोटांचे, जवळजवळ, धडपडत चाललेले.

त्या पंजाचं एकेक हाड मी स्वतः सोडवलं होतं.

मी वाळूत बसलो आणि तिला सगळं सांगितलं. दूध, गोळ्या, टाके, कपार.

तिने ऐकून घेतलं. मग बाजूला थुंकली.

"शी. आणि 'नर' माझ्या हातून लिहून घेतलंत, भाऊजी."

"समितीला सांगायचं का?"

"मला कशाला विचारता? परवाने गेले तर माझी नोकरी जाईल. लोक परत विष घालतील. तरीही सांगावंसं वाटलं तर सांगा. शिवलंत तुम्ही, उसवायचं तुम्ही."

आम्ही परत फिरलो. आलो त्याच वाटेने. वाळूत आमची दोघांची पावलं होती, पाव तासापूर्वीची, शेजारी शेजारी.

सलोमी मध्येच थांबली.

तिच्या बुटांचे ठसे कोरडे, सरळ.

माझ्या प्रत्येक ठशावर...

छोटी बोटं. चार. पुन्हा चार. नजर पोचेल तिथपर्यंत. दोघं माझ्या मागे मागे चालत आली होती.

सलोमीने काडेपेटी काढली. तिने मोजलं, वही उघडली आणि लिहिलं.

"काय लिहितेस?"

"दिसलं ते. मादी एक. पिल्लं दोन." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याजवळून नका चालू, भाऊजी. जरा लांबून चाला."

*

मी समितीला सांगितलं नाही. रोज ठरवतो, उद्या.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या परवान्याचा पाहुणा आला. डीटमार म्हणाला, "टिटस, आमिष टांग." मी झेब्र्याची तंगडी उचलली, दोन्ही हातांनी धरून फांदीला बांधली. जमिनीपासून सात फूट वर. मीठ वगैरे काही लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघायला गेलो.

बुंध्यावर नखाचा ओरखडा नाही. मांसाला दात लागलेला नाही.

फक्त दोन जागी चाटून चाटून हाड उघडं पडलं होतं.

माझे हात जिथे लागले होते, बरोबर तिथेच.