ओदिलला शब्द सांगणारा

बसा जवळ. मागचा दिवा मात्र मालवू नका, असू दे तो.

ओदिल तारदियूला तुम्ही सगळे ओळखता. शनिवारच्या बाजारात चीज विकते ती, पांढऱ्या केसांची. तिला गाताना तुमच्यापैकी कुणीच ऐकलेलं नाही, कारण तुम्ही आपल्या ऑपेरा कंपनीत कामाला लागलात ते नंतर. मी तेव्हा रंगमंचाच्या वर माचीवर असायचो, पडदे ओढायला. ती माझी शेजारीण. जे सांगतोय त्यातलं निम्मं मी पाहिलंय, निम्मं तिने मला एकदाच सांगितलंय.

शुक्रवार, सतरा नोव्हेंबर, दोन हजार सतरा. दुपारी चारच्या सुमारास ओदिल मोच्याकडे गेली होती. मुख्य गायिका मातिल्डचे बूट टाच बदलायला दिले होते, ते आणायचे होते. ओदिल कोरसमध्ये, मागे घोळक्यात गाणाऱ्यांत. सव्वीस वर्षं कोरसमध्येच. मोच्याच्या दारात असतानाच ग्वेनाएलचा फोन आला. रंगमंचाची सगळी व्यवस्था तो बघायचा.

"बूट मिळाले?"

"मिळाले. टाच वाकडी बसवलीय त्याने."

"तुला होतात का बघ."

"चेष्टा पुरे हं."

"मातिल्डचा आवाज बसलाय. पाणी मागायलासुद्धा खुणा करतेय. ओदिल, तुला राणीची सगळी भूमिका येते. इस्त्रीच्या खोलीत गातेस ना, मी दाराबाहेर उभा राहून ऐकतो."

"चोरून ऐकायला लाज नाही वाटत?"

"आज प्रयोग रद्द झाला तर पुढच्या वर्षी आपली कंपनी नसेल. प्रांताच्या कचेरीतली अनुदान देणारी माणसं यायचीत बघायला."

तिने दारातच एक बूट पायात घालून पाहिला. मग म्हणाली, "बूट घट्ट होतायत. पण होतायत."

त्या रात्रीचा ऑपेरा, म्हणजे गाण्यातलं नाटक, दीडशे वर्षं जुना, फ्रेंच. राजाने टाकलेली राणी शेवटच्या अंकात अंधारात समुद्राकडे चालत जाते. समुद्र म्हणजे रंगमंचाची पुढची कड. तिथे एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीशी थांबायचं. पलीकडे वाद्यवृंदाचा खड्डा, तीन मीटर खोल.

आठ वाजता पडदा वर गेला. दुसऱ्याच ओळीला तिचे शब्द गेले. वरून मला तिचा चेहरा दिसत होता, पिठासारखा पांढरा. मी मनात म्हटलं, गेली बिचारी. पण ती गायली. न चुकता गायली. अख्खा अंक.

मध्यंतराला मी खाली उतरलो तर ती ग्वेनाएलला म्हणत होती, "प्रॉम्प्टरला माझ्याकडून एक बाटली दे. प्रत्येक शब्द त्याने अर्धा श्वास आधी दिला. असा माणूस मिळायला नशीब लागतं."

"कोण प्रॉम्प्टर?"

"पुढच्या कडेच्या खोक्यातला, शब्द सांगणारा. मला वाटलं, आजच्यासाठी उघडलंत ते."

ग्वेनाएल हसला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसायचा थांबला. "ओदिल... ते खोकं अठ्ठ्याऐंशी सालापासून बंद आहे. वरून फळ्या ठोकल्यात."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. फळ्या मीच ठोकल्या होत्या. फोंबॉन नावाचा म्हातारा तिथे बसायचा, चाळीस वर्षं. खर्च कमी करायचा म्हणून त्याला काढला. मी खिळे मारत होतो आणि तो बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "शब्द माझे आहेत. माझ्याशिवाय शेवटापर्यंत कुणी जायचं नाही." त्याच हिवाळ्यात वारला.

घंटा झाली. ओदिल म्हणाली, "मला नाही जायचं." आणि गेली. सव्वीस वर्षं वाट पाहिली होती तिने.

दुसरा अंक झाला. आवाज होताच... तिला नको असताना होता. तिला शब्द आठवत होते, तरी आधी तो सांगायचा.

मग शेवटचा अंक. दिवे मंद. राणी चालायला लागली. मी वरून पट्टी बघत होतो.

ती पट्टीशी थांबली.

आणि मग... गाण्यात नसलेला शब्द आला.

पुढे.

तिने मला सांगितलं, आवाज प्रेमळ होता. बाप बोलतो तसा. एक पाऊल पुढे, ओदिल. तिचा पाय उचलला गेला. मी वरून पाहिलं. पट्टी तिच्या मागे होती.

मी माचीचा कठडा धरून खाली वाकलो.

अजून एक.

तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. गाणं तुटलं. वाद्यवृंद दोन सूर पुढे गेला... अडखळला... थांबला.

सहाशे माणसं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. मला वर माचीवर ऐकू आलं.

"पुढे."

ओदिल खाली बसली. तशीच, कडेवर, राणीच्या झग्यात. दोन्ही हातांनी जमिनीच्या फळ्या घट्ट धरल्या आणि उरलेलं गाणं गायली. शब्दांशिवाय. नुसता आकार. एकही शब्द तिने घेतला नाही त्याच्याकडून. शेवटापर्यंत.

लोक उभे राहिले. प्रांताच्या कचेरीतली माणसंसुद्धा. त्यांना वाटलं, दिग्दर्शनच तसं आहे. कंपनी वाचली, म्हणून तर तुम्हाला नोकऱ्या आहेत. सोमवारी ओदिलने राजीनामा दिला. त्यानंतर ती कधी गायली नाही. बाजारात भावसुद्धा तोंडाने सांगत नाही, पाटीवर लिहिते, बघा कधी.

शनिवारी सकाळी मी आणि ग्वेनाएलने फळ्या काढल्या. खिळे माझेच, गंजलेले. आत बोटभर धूळ. खुर्चीवर धूळ. बोटाचा ठसा नाही, पावलाचा नाही.

समोर एक छोटा आरसा होता, वाद्यवृंदाच्या संचालकाचा हात दिसावा म्हणून लावतात तसा. बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर. आरशावर वाफेचा एक गोल डाग.

मी बाहीने पुसला.

ग्वेनाएलने माझा दंड धरला. आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो... दोघंही.

डाग परत उमटला.