पऱ्हाटीचं छप्पर

सकाळी नऊलाच ऊन अंगाला झोंबत होतं. परांचीवर उभ्या राहून पंचफुलाबाई वानखडे छपराला पाणी पाजत होत्या.

अकोटजवळचा हा जिनिंग कारखाना कधीचाच बंद पडला होता. आता तिथे बाळंतिणींचा दवाखाना होणार होता. कौलांच्या आतून, सागवानी वाशांमध्ये, पंचफुलाबाई आणि त्यांच्या बारा बायकांनी वीतभर जाडीचा थर भरला होता. कापसाच्या पऱ्हाटीचा, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या वाळक्या झाडांचा भुगा आणि त्यात कृषी विद्यापीठात वाढवलेली पांढरी बुरशी. तिला छत्र्या फुटत नसत. ती भुगा खात पसरे, आणि तिच्या तंतूंनी विणलेल्या त्या हलक्या थरातून वरची धग खाली उतरत नसे. एकविसाव्या दिवशी गरम हवा सोडून बुरशीला कायमचं निजवायचं, असा नियम होता. आज एकोणिसावा दिवस होता.

हे तंत्र शोधणारी फरीदा देशमुख धावतच आत आली.

"मावशी, जुन्या दवाखान्याचं रोहित्र जळालं. वीज उद्याशिवाय येत नाही. सात बाळं आहेत, सगळी अपुऱ्या दिवसांची. डॉक्टर विचारताहेत, इथे आणू का?"

"आना ना मंग."

"पूर्वेचा कोपरा उघडा आहे अजून. पारा आज एक्कावन्नला जाणार, तिथून भट्टीसारखी धग येईल. नवा थर धरायला तर तीन आठवडे लागतात."

पंचफुलाबाईंनी अंगणात पाहिलं. वाकडे निघाले म्हणून बाजूला टाकलेले त्याच भुग्या-बुरशीचे नमुन्याचे तक्ते ओल्या गोणपाटाखाली पडले होते.

"ते जित्ते आहेत ना अजून?"

"आहेत. पण सांधे उघडे राहतील."

"जित्ती डहाळी झाडाले बांधली तर जुळते. हे काऊन नाही जुळनार? जुळेस्तोर ओला भुगा ठोसू. दोन तास द्या मले."

बायका कामाला लागल्या. तक्ते कापून, ठोकून वाशांत बसवले, फटींत भुगा दाबला, खालून चुन्याचा हात फिरवला. घामानं लुगडी अंगाला चिकटली, पण परांचीवरून कोणी उतरली नाही. साडेअकराला पहिली गाडी फाटकात शिरली, तेव्हा पंचफुलाबाई शेवटची फट अंगठ्यानं बुजवत होत्या.

दुपारी तीनला बाहेर एक्कावन्न अंश होते. आत चौतीस.

फरीदानं तापमापक दोनदा झटकून पाहिला. तिच्या गणितानं एकोणचाळीस यायला हवे होते.

"थर जिवंत आहे म्हणून," ती हळूच म्हणाली. "प्यायलेलं पाणी कौलांच्या फटींतून सोडतोय. माठासारखा गार होतोय."

सर्वांत लहान बाळ दीड किलोचं होतं. आईच्या छातीशी बिलगून ते दूध ओढू लागलं. आईनं वर पाहून विचारलं, "कूलर कुठं बसवला जी?"

"कूलर नाही बाई," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज साऱ्या शेडभर घुमला. "छप्पर आहे. आम्ही घातलं."

मागे बारा बायका भुग्यानं माखलेले हात तसेच ठेवून उभ्या होत्या. एकीनंही ते पुसले नाहीत.

सातही बाळं तगली. दोन दिवसांनी गरम हवेचं यंत्र घेऊन गाडी आली, तेव्हा पूर्वेच्या कोपऱ्यातले सांधे जुळून एकजीव झाले होते.

"निजवलं तर पाच अंश हातचे जातील," फरीदा म्हणाली. "जागं ठेवलं तर बुरशीला भूक लागणार. भुगा संपला की ती वाशांचं सागवान खाईल."

"दरसाल कापूस निघाला की नवी पऱ्हाटी भरू. गोठ्यातल्या गाईले उपाशी ठेवतो का आपन?"

फरीदानं यंत्र परत पाठवलं आणि मोबाइलवर छपराच्या मंजुरीचा अर्ज उघडला. तिसऱ्या रकान्यात प्रश्न होता : साहित्याचं आयुष्य किती वर्षं?

"काय लिहू, मावशी?"

"लोक ध्यान देतीन तोवर."

पण त्या रकान्यात फक्त आकडाच लिहिता येत होता. फरीदाचं बोट तिथेच थांबलं. एखाद्या गावाचं ध्यान किती वर्षं टिकतं?