जपानी जाळं

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर गुणवंती फाटकं जाळं सांधत बसली होती आणि खांद्यावर नवंकोरं गाठोडं घेऊन चाललेला लवू तिच्या दोऱ्यात पाय अडकून थेट तिच्यासमोर बसला. पडलो म्हणायला तो तयार नव्हता.

“डोळे कुठे हायत तुजे?”

“इथंच,” तिच्याकडे बघत तो म्हणाला, “...आता.”

गुणवंतीचे कान तापले. राग आला असावा, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

साल चौऱ्याऐंशी. लवू बुरोंडी गावचा, होडीमालक गुणाजीमामांकडे नुकताच कामाला लागलेला. गाठोड्यात मामाने मुंबईहून मागवलेलं जपानी जाळं होतं.

“फाटायचंच नाय हे,” त्याने फुशारकी मारली.

गुणवंतीचं घर चालायचं ते देशी गिरणीच्या दोऱ्याची फाटकी जाळी सांधण्यावर. “मग जा की. न फाटणाऱ्याचं माज्याकडे काय काम?”

तो गेला. जाळं खरंच फाटेना. गुणवंती रोज होड्यांकडे पाठ करून बसायचं ठरवी आणि तोंड करूनच बसे. परदेशी मालावर तिचा राग होताच, त्याला आता आणखी एक कारण मिळालं.

दहाव्या दिवशी लवू आला. जाळं हातभर फाटलेलं. “खडपावर अडकलं गो...”

तिने कड बोटांवरून फिरवली. खडपाच्या दगडांवर फाटलं की दोरे ताणून विस्कटतात. इथे सगळी टोकं एका रेषेत होती.

“खडपाला सुरी कोणी दिली?”

लवूचा चेहरा उतरला. “मामाला सांगू नको... होडीवरून उतरवील.”

“कापलंस कशाला पण?”

“फाटत नव्हतं ना! इथं यायचं तर काय घेऊन येणार?”

गुणवंतीला हसू आवरेना. तेवढ्यात मामाच समोर उभे राहिले.

“जपानी म्हणून आणलं, नि दहा दिवसांत फाटलं?” ते गरजले. आजूबाजूचे चार होडीवाले कान देऊन थांबले. त्यांनाही जपानी जाळी मागवायची होती. गुणवंतीने नुसती मान डोलावली असती, तरी सगळे तिच्या देशी दोऱ्यालाच धरून राहिले असते.

“जाळं चांगलं हाय, मामा,” ती म्हणाली. “गाठोडं सोडताना माजीच सुरी लागली. सांधून देतंय.”

मामा पुटपुटत गेले. होडीवालेही पांगले, जपानी जाळ्याचीच चर्चा करत.

“तुजंच काम घालवलंस की गो...” लवू म्हणाला.

“घालवलं खरं.” गुणवंतीने दोरा ओवला. “उद्यापासून काय कापू नको. रिकाम्या हातानं ये... नि बुरोंडीहून आयशीला घेऊन ये.”